कारळे, एरंडेल, शिया: आफ्रिकी तेले मराठी घरात

आफ्रिकेत मूळ असलेल्या वनस्पतींची तेले महाराष्ट्रात तीन खेपांत आली. पहिल्या खेपेत कारळे आणि एरंड आले, आणि ते इतके जुने की त्यांच्या येण्याची आठवण कोणालाच उरलेली नाही. दुसरी खेप विसाव्या शतकातली, पाम तेलाची. तिसरी गेल्या दोनेक दशकांतली: शिया, अर्गान, मरुला, बाओबाब. तिन्ही खेपांचा माल आज पुण्याच्या वारज्यात एका फेरफटक्यात दिसतो. मुठेच्या काठचे हे गाव १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले आणि मुंबई-बंगळूर महामार्गाच्या बाह्यवळणामुळे बघता बघता दाट वस्तीचे उपनगर झाले. इथल्या किराणा दुकानात एरंडेलाची छोटी बाटली आणि कारळ्याची पुडी असते, फरसाणाच्या पाकिटामागे पामोलिन छापलेले असते, लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचे, करडईचे तेल ताजे मिळते आणि औषधांच्या दुकानात शाम्पूच्या बाटलीवर अर्गानच्या फळाचे चित्र असते. यांतल्या पहिल्या दोन वस्तू घरच्या मानल्या जातात आणि शेवटची परदेशी. वनस्पतींच्या इतिहासाला हा भेद मान्य नाही.

तेल कशासाठी वापरावे हे त्याच्या जन्मभूमीपेक्षा त्याच्या घडणीवरून ठरते. प्रत्येक तेल म्हणजे काही मेदाम्लांचे मिश्रण. स्टिअरिक आणि पामिटिक आम्ल जास्त असेल तर ते पुण्याच्या थंडीत गोठते आणि सहसा लवकर खवट होत नाही. ओलिक जास्त असेल तर ते पातळ राहते आणि बऱ्यापैकी टिकते. लिनोलिक जास्त असेल तर ते हलके लागते, त्वचेवर चिकट राहत नाही, पण हवा-उजेड लागला की लवकर बिघडते. खोबरेलात भरपूर असलेले लॉरिक आम्ल साबणाला फेस देते. याखेरीज बी भाजले होते की कच्चेच दाबले, तेल घाण्यावर निघाले की पाण्यात उकळून वर आले, पुढे ते शुद्ध करताना त्याचा रंग-वास काढून टाकला का, या गोष्टींनी फरक पडतो. एवढे हाताशी असले की कारळ्यापासून अर्गानपर्यंत कुठल्याही तेलाची ओळख करून घेता येते.

कारळे, म्हणजेच खुरासणी, सूर्यफुलाच्या कुळातले पीक आहे आणि त्याचे माहेर इथिओपियाचा डोंगराळ प्रदेश. तिथे त्याला नूग म्हणतात. महाराष्ट्रात ते नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या डोंगरांत, पालघर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात, अकोले तालुक्यात आणि पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या मावळी तालुक्यांत होते. जिथे माती उथळ, उतार जास्त आणि दुसरे काही पिकायची खात्री नाही, तिथे नाचणी-वरईच्या जोडीला किंवा त्यांच्यानंतर कारळा पेरतात. पावसाळा सरता सरता डोंगरउतार पिवळे दिसतात ते याच्याच फुलांनी. हे पीक स्वतःच्या परागांवर धड बी धरत नाही, त्याला मधमाशी लागते. फुलोऱ्याच्या दिवसांत मधपेट्या ठेवल्या तर मध मिळतो आणि बीही चांगले भरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्रात या पिकावर काम चालते आणि फुले कारळा हे वाण तिथलेच. तरीही कारळ्याकडे दुय्यम पीक म्हणून पाहिले जाते, आणि सरकारी योजनांचे लक्ष सोयाबीनकडे जेवढे गेले त्याच्या अंशानेही इकडे वळलेले नाही.

आफ्रिकेतून एकटे कारळेच आले नाही. ज्वारीचे मूळ सुदानच्या बाजूला आहे, बाजरीचे पश्चिम आफ्रिकेतल्या सहारालगतच्या पट्ट्यात, नाचणीचे पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांत आणि चवळीचेही आफ्रिकेतच. भाकरी आणि तिच्यावर कारळ्याची चटणी हे अस्सल देशी मानले जाणारे ताट मुळाशी जाऊन पाहिले तर बरेचसे आफ्रिकी निघते. फक्त त्यावरच्या लाल तिखटाची मिरची अमेरिकेची. हुरड्याच्या शेतावर कोवळ्या ज्वारीसोबत कारळ्याची चटणी वाढतात तेव्हा आफ्रिकेतली ही दोन पिके एका पत्रावळीवर येतात.

चटणीसाठी कारळे मंद आचेवर कोरडे भाजतात. ते तडतडायला लागले की उतरवायचे, कारण पुढे गेले तर कडू होतात. मग सुके खोबरे, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटतात. मिक्सरमध्ये जास्त फिरवले तर तेल सुटून गोळा होतो, म्हणून कुटणेच बरे. भरल्या वांग्यात, दोडक्याच्या किंवा घेवड्याच्या भाजीत कारळ्याचे कूट शेंगदाण्याच्या कुटाऐवजी किंवा त्याच्या जोडीने जाते आणि रस्सा काळपट होतो. शहरात कारळ्याचा वापर इथेच थांबतो. डोंगरी गावांत मात्र त्याचे तेलच काढत आणि तेच फोडणीला वापरत. बियात साधारण ३५ ते ४० टक्के तेल असते. ते फिकट पिवळे, किंचित दाण्यांसारख्या वासाचे असते आणि त्यात लिनोलिक आम्लाचा वाटा सर्वांत मोठा. इथिओपियातल्या बियाण्यात हा वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास जातो. भारतीय बियाण्यात तो कमी आणि ओलिकचा जास्त आढळतो. म्हणून हे तेल थोडे थोडे काढून वापरावे लागते, वर्षभराचा डबा भरून ठेवता येत नाही. तेल काढल्यावर उरणारी खुरासणीची पेंड दुभत्या जनावरांना घालतात, आणि अनेक शेतकऱ्यांच्या लेखी ती तेलाइतकीच मोलाची.

इथिओपियात या तेलाला वेगळे वजन आहे. तिथल्या सनातनी ख्रिस्ती पंथात उपवासाचे दिवस वर्षाच्या निम्म्याच्या आसपास भरतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, लोणी वर्ज्य असते. लोणी गेले की स्वयंपाकाला वनस्पतींचे तेल हवे, आणि ते परंपरेने नूगचे. मराठी उपवासात नेमके उलटे: तूप चालते, शेंगदाण्याचे तेल चालते, कारळे चालत नाहीत. उपवासाला चालणारा शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेले. त्यामुळे चालण्या-न चालण्याचा हिशेब परकेपणावर बसवलेला नाही हे उघडच आहे. भारतातून कारळे निर्यातही होतात आणि अमेरिकेत ते माणसांऐवजी पक्ष्यांच्या पोटात जातात. तिथल्या अंगणांत गोल्डफिंच या पिवळ्या पक्ष्यासाठी ते टांगून ठेवतात. अमरवेलीचे बी सोबत येऊन तिथे रुजू नये म्हणून आयात माल तापवून निर्जीव करण्याची सक्ती आहे.

एरंड याहून जुना आणि याहून चिवट. मूळ ईशान्य आफ्रिकेचा. प्राचीन इजिप्तमध्ये त्याचे तेल दिव्याला आणि औषधाला वापरत, तिथल्या थडग्यांत त्याच्या बिया सापडल्या आहेत. वारज्यात मुठेच्या काठाला, राडारोडा टाकलेल्या मोकळ्या भूखंडांवर तो कोणी न लावता उगवतो. ओसाड गावी एरंड बळी ही म्हण ज्याने केली त्याने हे झाड नीट पाहिलेले असणार. आज जगातल्या एरंडेलाचा बहुतांश, ८० टक्क्यांहून जास्त भाग भारतातून जातो आणि त्यातला मोठा हिस्सा गुजरातचा. महाराष्ट्रात त्याचे पीक थोडे, पण घरातल्या वापराची यादी लांब आहे.

एरंडेल खाण्याचे तेल नव्हे, तरी ते स्वयंपाकघरात असते. वर्षाचे गहू भरताना त्यांना एरंडेलाचा हात फिरवतात. पातळ थर बसला की किडीला आत शिरणे, अंडी घालणे अवघड होते. तूरडाळीलाही तेच. धुतल्यावर तेल निघून जाते. औषध म्हणून त्याचा जुना उपयोग जुलाबाचा. त्यातले रिसिनोलेइक आम्ल आतड्यात मोकळे होते आणि आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावते. तेच आम्ल गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावते, म्हणून गरोदर बाईने ते घेऊ नये. आठवड्याला घरातल्या सगळ्या मुलांना एरंडेल पाजण्याची पूर्वीची रीत आता सुटली आहे आणि बालरोगतज्ज्ञ तिचा आग्रहही धरत नाहीत. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे किंवा काशाचे भांडे पालथे धरून काजळ पाडायची रीतही तशीच मागे पडली. तान्ह्याच्या डोळ्यांत काजळ घालू नये असा डॉक्टरांचा सल्ला आहे.

सौंदर्यप्रसाधनांत मात्र एरंडेलाचे स्थान एखाद्या महागड्या तेलापेक्षा पक्के आहे. त्याचे ८५ ते ९० टक्के मेदाम्ल एकट्या रिसिनोलेइकचे असते आणि त्या आम्लाच्या साखळीवर एक जास्तीचा ऑक्सिजन-हायड्रोजन गट असतो. एवढ्याशा फरकाने ते इतर तेलांहून कितीतरी दाट होते आणि इतर तेले विरघळत नाहीत त्या अल्कोहोलमध्ये विरघळते. लिपस्टिकमध्ये रंगाचे कण धरून ठेवायला, पारदर्शक साबणाला, भुवयांच्या पेन्सिलीला ते लागते. केसांना नुसते लावले तर चिकट होते, म्हणून खोबरेलात चौथा भाग मिसळून लावण्याची घरगुती पद्धत शहाणपणाची. त्याने केस वाढतात हा समज सगळीकडे आहे. त्याला भक्कम आधार नाही. चमक येते ती दाट थरामुळे. चॉकलेटच्या वेष्टनावर ई ४७६ असे लिहिलेले असते तो पदार्थही एरंडेलाच्या आम्लापासून होतो आणि वितळलेले चॉकलेट साच्यात सहज ओतले जावे म्हणून घालतात. एरंडेल खाण्याचे नाही हे विधान तेवढ्यापुरते दुरुस्त करावे लागते. बी मात्र विषारीच. त्यातले रिसिन हे प्रथिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणून एरंडीची पेंड खत म्हणून शेताला घालतात, गोठ्यात नेत नाहीत, आणि कुत्र्यापासूनही लांब ठेवतात.

दुसऱ्या खेपेचे तेल याच्या अगदी उलट स्वभावाचे, म्हणजे गाजावाजा न करता सगळीकडे शिरणारे. तेलताड पश्चिम आफ्रिकेचा. १८४८ मध्ये त्याची चार रोपे डचांनी जावातल्या बोगोरच्या उद्यानात लावली आणि आग्नेय आशियातल्या अफाट मळ्यांची सुरुवात पुढे त्यांच्या वंशातून झाली. भारतात येणारे पाम तेल आता मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाचे असते, वर्षाला साधारण ८० लाख टनांच्या घरात. मुंबईत शिवडीला तयार होणारे, १९३७ पासून डालडा या नावाने विकले गेलेले वनस्पती तूप सुरुवातीला शेंगदाण्यासारख्या तेलांचे होते. पाम त्या डब्यात पुढे शिरले. पामला घट्ट करण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही, कारण त्यात पामिटिक आम्ल ४४ टक्क्यांच्या आसपास असते आणि ते मुळातच अर्धवट गोठते. बिस्किट, खारी, फरसाण, साबण यांना असाच मेद हवा असतो. २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली तेव्हा बेकऱ्यांचा कल आणखीच पामकडे झुकला. सिंधुदुर्गात तेलताडाची लागवड झाली, मुळदे इथल्या केंद्रात तिच्यावर संशोधनही होते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने पाम लागवडीसाठी ११,०४० कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. कोकणात या झाडाला सुपारी-काजूची जागा द्यावी का, यावर शेतकऱ्यांची शंका रास्त आहे, कारण घड काढल्यापासून दिवसभराच्या आत गिरणीत पोहोचले नाहीत तर तेल बिघडते आणि गिरणी जवळ नसेल तर मळा फुकट.

आफ्रिकेतले पाम तेल मात्र पुण्यात मिळत नाही. तिथले कच्चे तेल कॅरोटिनमुळे लालभडक असते, त्याला स्वतःचा वास असतो आणि रश्श्याला रंग-चव देण्यासाठीच ते घालतात. नायजेरियात चवळी भिजवून, सोलून, वाटून आकारा नावाचे वडे करतात आणि ते लाल तेलात तळणे ही जुनी रीत. मुगाची भजी जमणाऱ्या हाताला ते वडे अनोळखी वाटायचे नाहीत. आपल्याकडे येते ते रंग, वास, चव सगळे काढून टाकलेले पामोलिन. एकाच फळाच्या या दोन तेलांत नावाखेरीज फारसे साम्य उरत नाही.

तिसऱ्या खेपेत सर्वांत लक्ष देण्याजोगे तेल शियाचे. किंबहुना त्याला तेल म्हणण्यापेक्षा लोणी म्हणणे बरे, कारण ते घट्ट असते आणि ३५ अंशांच्या आसपास वितळते. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या गवताळ पट्ट्यात, वीसेक देशांत हे झाड शेतांमधून उभे असते. कोणी ते लावत नाही, पण शेत साफ करताना तोडतही नाही. फळ धरायला पंधरा-वीस वर्षे घेणाऱ्या झाडाशी माणसे असेच वागतात. मोहाशी आपल्याकडेही तसेच वागतात. आणि शिया खरोखर मोहाचा भाऊबंद आहे. दोन्ही सपोटेसी कुळातले, चिकू आणि बकुळ ज्या कुळात मोडतात त्याच. अर्गानही याच कुळातला. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात मोहाची फुले वेचून झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी फळे येतात, त्यांच्या बियांचे, म्हणजे टोरीचे तेल काढतात, ते थंडीत तुपासारखे थिजते, भाजीला घालतात, अंगाला लावतात. शियाच्या प्रदेशातही याच सगळ्यासाठी शिया वापरतात. १७९६ मध्ये गांबियाकडून नायजर नदीपर्यंत गेलेल्या मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने शियाचे लोणी गाईच्या लोण्याहून चवीला सरस आणि मीठ न घालता वर्षभर टिकणारे असल्याचे नोंदवले. स्वयंपाकात ते आजही उत्तर घाना, बुर्किना फासो, मालीत रोजचे आहे.

शिया करण्याचे काम बायकांचे, आणि ते कष्टाचे. फळे वेचायची, बिया उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, फोडायच्या, गर भाजून वाटायचा आणि मग त्या तपकिरी लगद्यात थोडे थोडे पाणी घालत हाताने घुसळत राहायचे. बऱ्याच वेळाने पांढरट मेद फेसासारखा वर येतो, तो काढून उकळून पाणी उडवायचे. कोकणात कोकमाच्या बियांचे तेल ज्यांनी होताना पाहिले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. आमसुले करून उरलेल्या बिया वाळवतात, टरफल काढून गर कुटतात, पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात आणि सकाळी वर जमलेला मेद काढून मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. हेच मुठेल. पायाच्या भेगांना, उललेल्या ओठांना ते चुलीवर किंचित पातळ करून लावतात. घरगुती एरंडेलही पूर्वी असेच, बी भाजून, कुटून, पाण्यात उकळून काढत. घाण्याला बैल, लाकूड आणि तेली लागतो. उकळून काढायला हंडा आणि वेळ पुरतो, म्हणून ही पद्धत दोन्ही खंडांत बायकांच्या हाती राहिली.

कोकम आणि शिया यांचे नाते कृतीपुरतेच नाही. कोकमाच्या मेदात स्टिअरिक आम्ल ५० टक्क्यांच्या वर असते, शियात ४० टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्हींत उरलेला मोठा भाग ओलिकचा. कोको बटरची घडण याच जातीची. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमांत कोको बटरखेरीज जे सहा मेद ५ टक्क्यांपर्यंत घालता येतात त्यांत शिया, पाम, साल, इलिपे आणि आंब्याच्या कोयीचा मेद यांच्यासोबत कोकमही आहे. आफ्रिकेतून बाहेर जाणाऱ्या शियाचा फार मोठा भाग डबीत न जाता चॉकलेट आणि मिठाईतच जातो, ही गोष्ट शिया म्हणजे क्रीम असे समजणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसते.

त्वचेसाठी शिया चांगले ठरते याची कारणे दोन. एक, ते त्वचेवर पातळ, टिकाऊ थर धरते आणि आतले पाणी उडू देत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा याचा उपयोग कळतो. दुसरे, त्यात साबण न होणारा भाग बराच, ५ टक्क्यांच्या वरही असतो. बहुतेक तेलांत तो एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. या भागातली संयुगे दाह कमी करणारी मानली जातात आणि अतिनील किरणही थोडे शोषतात, मात्र त्यामुळे शियाला सनस्क्रीन म्हणून विकणे खोटेपणाचे. शुद्धीकरणात या भागातला काही अंश घटतो. पिवळसर, धुरकट वासाचा कच्चा शिया पांढऱ्याशुभ्र शुद्ध शियाहून म्हणूनच पसंत केला जातो. कोकमाचा मेद ३८ ते ४० अंशांना वितळतो, तो कडक आणि वास नसलेला असतो. भेगांच्या मलमाला तो शियाहून सोयीचा, अंगभर चोळायला शिया सोयीचा. स्वस्तात कोकणचे मुठेल मिळत असताना भेगांसाठी महागडी डबी घ्यायचे कारण नाही.

अर्गान नैऋत्य मोरोक्कोत होतो आणि त्याच्या काटेरी झाडांवर फळांसाठी चढलेल्या शेळ्यांची छायाचित्रे जगभर फिरली आहेत. युनेस्कोने १९९८ मध्ये त्या प्रदेशाला राखीव जीवावरणाचा दर्जा दिला. रबातच्या रसायनशास्त्रज्ञ झुबिदा शर्रूफ यांनी नव्वदच्या दशकात बायकांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या, तेव्हापासून या तेलाला परदेशी बाजार मिळाला. दगडाने दगडासारखी कठीण आठळी फोडायचे काम अजूनही पुष्कळसे हातानेच होते आणि एका लिटरला ३० किलोंहून जास्त वाळलेली फळे लागतात; किंमत त्यातून येते. अर्गानची दोन तेले असतात. बी भाजून काढलेले तपकिरी, खमंग तेल खाण्याचे: पावाला लावून, किंवा बदाम आणि मधासोबत वाटून केलेल्या अमलूत. न भाजता काढलेले फिकट तेल अंगाला आणि केसांना. भाजल्यावर वास येतो, तो डोक्याला कोणाला नको असतो. तिळाच्या बाबतीत आपल्याकडेही अभ्यंगाच्या आणि खाण्याच्या तेलात असाच फरक करतात.

केसांच्या तेलांवर सर्वांत उपयोगी प्रयोग मुंबईत झालेला आहे. मॅरिको कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुण्या-विंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल तसे करत नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे, म्हणून ते आत जाते. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष पटण्याजोगा आहे. अर्गानमध्ये लॉरिक नसते. त्यात ओलिक ४५ टक्क्यांच्या आसपास आणि लिनोलिक तिसऱ्या हिश्शाएवढे. घडणीने ते सूर्यफुलाच्या जवळचे. केसांवर त्याचा पातळ थर बसतो, गुंता सुटतो, चमक येते. धुतल्यावर दोन थेंब लावायला ते चांगले आणि रात्रभर मुरवायला खोबरेलच बरे.

मरुला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातले, आंबा, काजू आणि चारोळी ज्या कुळातले त्याच कुळातले झाड. नामिबियात त्याचे तेल स्वयंपाकात असते. ७० टक्क्यांहून जास्त ओलिकमुळे ते फार टिकते. चारोळी जशी खिरीत जाते तसा त्याचा गरही खातात. बाओबाबशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे: गोरखचिंच ती हीच. वसईच्या किल्ल्यात, मुंबईच्या राणीच्या बागेत तिचे पिंपासारखे फुगलेले बुंधे उभे आहेत, समुद्रमार्गाच्या व्यापाराने आलेले. तिच्या बियांचे तेल आफ्रिकेत काढतात आणि त्वचेला लावतात. कच्च्या तेलात काही वेगळ्या घडणीची मेदाम्ले असल्याने खाण्यासाठी ते शुद्ध करावे लागते. आपल्याकडे तिचे तेल कोणी काढत नाही.

तेल काढण्याच्या बाबतीत लाकडी घाण्याचे सध्याचे कौतुक थोडे तपासून घ्यायला हवे. बैलाचा घाणा मागे पडू लागल्यावर त्याला टिकवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्याबरोबर झवेरभाई पटेल यांनी घाण्याची रचना सुधारली आणि तो वर्धा घाणी म्हणून ओळखला गेला. आज वारज्यासारख्या उपनगरात दिसणारा घाणा विजेच्या मोटारीवर फिरतो. वेग कमी म्हणून तेल फार तापत नाही आणि वास-चव राहते, हे खरे. पेंडीत मात्र दहा टक्क्यांच्या वर तेल राहून जाते. द्रावकाने काढल्यास ते एक टक्क्यावर येते. म्हणून घाण्याचे तेल महाग. आणि घाणा बियाणे सुधारत नाही: खवट शेंगदाण्याचे तेल घाण्यावरही खवटच निघते. कारळ्याचे तेल हवे असेल तर बी स्वतः नेऊन घाणेवाल्याला विचारावे लागते, कारण मागणी नसल्याने ते तयार ठेवत नाहीत. ते गडद बाटलीत, थोड्या प्रमाणात ठेवावे. जोरदार तळणाला न वापरता फोडणीला किंवा वरून घालायला वापरावे. शिया मे महिन्यात वितळून पुन्हा सावकाश थिजले की रवाळ होते. ते बिघडलेले नसते, मंद आचेवर पूर्ण पातळ करून चटकन गार केले की पुन्हा मऊ होते.

कायद्याने खाद्यतेल सुटे विकायला बंदी आहे. राज्य सरकारला सूट देण्याची मुभा असली तरी सीलबंद, लेबल लावलेली बाटली हाच नियम. अंगाला लावायची आयात तेले २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येतात आणि त्यांच्यावर आयात नोंदणीचा क्रमांक असावा लागतो. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही येतात. अर्गान शाम्पूच्या यादीत अर्गानचे नाव सुगंधाच्याही मागे असेल तर बाटलीत ते किती आहे याचा अंदाज तिथेच बांधता येतो. शिया या याद्यांत ब्युटिरोस्पर्मम पार्की या नावाने, अर्गान अर्गानिया स्पिनोसा म्हणून, एरंडेल रिसिनस कम्युनिस म्हणून आणि कोकमाचे मुठेल गार्सिनिया इंडिका सीड बटर म्हणून छापलेले असते.